दिवाणखान्यातून गेलेला दोर

माझी बहीण थॉमसिन पुढे चालायच्या आधी मागे चालायला शिकली. आमच्या घरात सगळेच तसे. कमरेला तागाचा पुंजका बांधायचा, समोरचा आकडा फिरत असतो, आणि आपण बोटांतून सूत सोडत मागे मागे जायचे. आमच्या थर्लकोव्ह गावात लोक म्हणायचे, बेनेट दोरवाल्याच्या पोरांना घराबाहेर काढू नका, ती पाठमोरी आतच येतील.

आमची दोर वळायची जागा, दोरवाट, बंदराला लागून होती. वर लांबट छप्पर, खाली मातीची वाट, आणि कडेने आजोबांनी रोवलेले खांब. खांबांवर खुणा. मासेमारी होडीचा दोर हवा असेल तर या खुणेपासून त्या खुणेपर्यंत सूत ताणा, शिडाचा हवा असेल तर त्या खुणेपर्यंत. बाबांनी आयुष्यात कधी हिशेब केला नाही. खांब करत. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले.

ताईचे काम शंकूचे. जाड सुतांचे तीन पेड जिथे एकत्र येऊन दोर होतो तिथे एक लाकडी शंकू धरावा लागतो. त्याला तीन खाचा असतात. पेड खाचांतून येतात आणि शंकूच्या मागे दोर वळत जातो. धरणारा घाईने चालला तर दोर सैल होतो. रेंगाळला तर गाठाळतो. मध्येच थांबला तर त्या जागी दोर कायमचा नरम राहतो, आणि तुटायचा तेव्हा तिथेच तुटतो. हे काम बाप्याचे समजतात, कारण शंकू जड असतो आणि हातात जिवंत असल्यासारखा हिसके देतो. ताईने ते लहान वयातच घेतले. बाबा म्हणायचे, हिच्या पायांना कान आहेत. बाबा सहसा कोणाची स्तुती करत नसत, त्यामुळे ते वाक्य मला अजून आठवते.

पास्को हॅलिडन आमच्या दोरवाटेत प्रथम आला तेव्हा तो कोणी मोठा नव्हता. घर मात्र मोठे होते. आमचा गाव दोन डोंगरांच्या मधल्या घळीत आहे. रस्ता एकच, बंदरापासून सरळ वर जाणारा, आणि त्याच्या टोकाला घळीच्या तोंडावर आडवे बसलेले हॅलिडनांचे दगडी घर. पास्को त्या घरातला धाकटा. धाकट्यांना समुद्रावर पाठवतात, तसे त्याला पाठवले होते. जहाजावरचा एक दोर बदलायला म्हणून तो आला आणि जुन्या दोराला त्याने दिलेला जोड त्याने बाकावर ठेवला. ताईने तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि त्याच्यासमोर बोटांनी उसवला.

"हा कोणी दिला?"

"मी."

"जहाजावर सगळे जोड तुम्हीच देता?"

"बरेचसे."

"मग पोहायला येत असेल तुम्हाला."

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "शिकव." त्यांचे प्रेम म्हणतात ते एवढेच. बाकीचे दोराचे काम होते. तो चांगला शिकला, हेही सांगितले पाहिजे.

लग्न चर्चमध्ये झाले. पास्कोची आई, उर्सुलाबाई, पहिल्या बाकावर ताठ बसल्या आणि जेवणाआधी निघून गेल्या. जाताना चर्चच्या दारात सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "मुलाने केलं ते केलं. पण दोरवाल्याच्या मुलीने माझ्या घरी यायचं तर मागच्या दाराने. माझ्या पुढच्या उंबरठ्याला दोराचं डांबर लागायला नको."

मला राग आला होता. ताई म्हणाली, "मागचं दार स्वयंपाकघरापाशी आहे, ट्रिस. आत शिरल्या शिरल्या कळतं जेवायला काय आहे ते."

त्यानंतर सणासुदीला ती मागच्या दाराने जात राहिली. पाय धुऊन, स्वच्छ मोजे घालून. विल्मट झाली, मग हॅनिबल झाला. मुले पुढच्या दाराने जात, आई मागच्या. विल्मटला वाटे, सगळ्यांच्या घरी असेच असते.

दाजी मात्र वर चढत गेले. आधी सुकाणूवर, मग जहाजाचे कप्तान, आणि शेवटी इंग्लंडच्या राणीच्या आरमारात 'हेरन', म्हणजे बगळा, नावाच्या लढाऊ जहाजाचे प्रमुख. तोफा, सैनिक, शिडावर राणीचे चिन्ह. जहाज दिसले की गाव बंदरावर जमायचा. उर्सुलाबाई खाली येत नसत. त्या वरच्या खिडकीतून पाहत.

स्पेनचे आरमार येणार अशी हूल दोन वर्षे उठत होती. त्या वसंतात ती खरी ठरायची लक्षणे दिसू लागली. 'हेरन' पाळतीवर गेली आणि बिस्केच्या समुद्रात वादळात सापडली. दोन नांगर आणि त्यांचे दोर तिथेच गेले. उरलेल्या एका दोरावर ती आमच्या खाडीसमोर येऊन उभी राहिली. प्लिमथच्या आरमारी तळावर नांगर मिळाला, पण दुसरा दोर नव्हता. सगळ्या आरमाराला दोर हवे होते आणि ताग मिळत नव्हता. वरून निरोप आला तो स्पष्ट होता. पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत दुसरा भक्कम दोर नसेल तर 'हेरन'च्या तोफा आणि माणसे दुसऱ्या जहाजांवर जातील. जहाज चिखलात राहील आणि त्याचा कप्तान घरी.

दाजी आमच्या चुलीपाशी येऊन बसले. सफरचंदाच्या दारूचा, सायडरचा पेला त्यांनी हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"बगळा एका पायावर उभा राहतो," ते म्हणाले. "माझा नाही राहू शकत."

बाबांनी विचारले, "केवढा दोर?"

दाजींनी दोन्ही हातांनी जाडी दाखवली. बाबांनी त्यांच्या हातांकडे पाहिले, मग स्वतःच्या मांडीकडे.

"आणि लांबी?"

दाजींनी सांगितली. आमची दोरवाट तिच्या निम्म्याला पुरली नसती.

"दोरवाटेत नाही होणार," मी म्हणालो.

"रस्त्यात होईल," ताई म्हणाली.

बाबांनी दुसऱ्या दिवशी रस्ता चालून मोजला. बंदरावरच्या आकड्यांपासून हॅलिडनांच्या फाटकापर्यंत. लांबी बरोबर निघाली. जणू गाव वसवणाऱ्याला हा दोर माहीत होता. बाबा खूष होऊन घरी आले आणि आम्ही सूत वळायला बसलो.

त्या सुताबद्दल मी लांबण लावणार नाही. चांगला ताग विंचरला, सूत काढले, गरम डांबरातून ओढले, वाळवले. हातांची कातडी गेली आणि नवी आली. घरातली बायकामाणसे, शेजारी, 'हेरन'चे खलाशी, सगळे लागले. जे सूत बारीक-जाड निघाले ते बाबांनी टाकून दिले. खलाशी कुरकुरले की बाबा म्हणत, "तू त्याला लटकणार असशील तर ठेवतो."

ठरलेल्या सकाळी सगळा गाव रस्त्यावर होता. पेड जमिनीला टेकता कामा नयेत, चिखल लागला की दोर कुजतो. म्हणून घराघरांतून बाक, पिंपे, शिड्या, शवपेटी ठेवायचे दोन लाकडी घोडे, जे मिळेल ते आणून रस्ताभर मांडले होते. आकडे फिरवायची मोठी चाके खाली बंदरावर, बाबांच्या हाताखाली. वरच्या टोकाला दगडांनी लादलेली, चाके नसलेली लाकडी गाडी. पेडांची दुसरी टोके तिला बांधतात. पीळ पडू लागला की पेड आखडतात आणि गाडीला पुढे ओढतात. दगडांच्या वजनाने ताण कायम राहतो. ती घसरताना डुरकते, म्हणून आमच्या धंद्यात तिला डुकरीण म्हणतात. डुकरीण माझ्याकडे होती. बाबांना वरचे दिसत नसल्यामुळे पाद्रीबाबांनी चर्चची घंटा आम्हाला दिली होती. एक टोला म्हणजे फिरवा, दोन म्हणजे थांबा.

मासे विकणारी मार्जरी पिंपावर बसली होती. "कप्तानसाहेब," ती दाजींना म्हणाली, "एवढा जाड दोर कशाला? स्पेनच्या राजाला बांधून आणणार की काय?"

"त्याला तुझ्या जिभेनेच बांधता येईल, मार्जरीमावशी. ती याच्यापेक्षा लांब आहे."

"लांब असू दे, पण मध्ये जोड नाही हो तिला!"

रस्ताभर हशा पिकला. सूत खालून वर ताणले गेले, फाटकापर्यंत आले, डुकरिणीला बांधायची वेळ झाली. तेव्हा ताई माझ्याजवळ उभी होती. तिने एकदा खाली बंदराकडे पाहिले, एकदा डुकरिणीकडे.

"ट्रिस, दोर तयार होईल तेव्हा ही कुठे असेल?"

"खाली. पुढे सरकत जाईल ना ती."

"किती खाली?"

मी मनात मोजू लागलो. पीळ पडला की पेडांची तिसऱ्या हिश्शाएवढी लांबी पिळातच जाते. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. पण दोरवाटेत ते कोणी मनात आणत नाही, कारण आजोबांच्या खुणांमध्ये ती लांबी आधीच धरलेली आहे. रस्त्याला खुणा नव्हत्या. बाबांनी तयार दोराची लांबी मोजली होती. पिळाची जागा सोडलीच नव्हती.

बाबांना बोलावले. ते चढ चढून आले, डुकरीण पाहिली आणि आम्ही काही सांगायच्या आधीच त्यांच्या लक्षात आले. ते पिंपावर बसले. मार्जरीने उठून त्यांना जागा दिली.

खाली समुद्र. दोन्ही बाजूंना कडा. पिळाखाली असलेला दोर कोपऱ्यातून वळत नाही, सरळच लागतो. वर हॅलिडनांचे घर. आणि त्या घराचे पुढचे दार व मागचे दार एका रेषेत; जुनी घरे तशीच असतात. मध्ये दिवाणखाना, मागे सफरचंदांची बाग.

हे सगळ्यांनाच दिसत होते.

दाजी म्हणाले, "मी विचारतो आईला. माझं ऐकेल ती."

"ऐकतील," ताई म्हणाली. "पण चूक आमची आहे. तुम्ही मागितलं तर ते मुलाचे लाड होतील. तुम्ही इथेच थांबा, अहो."

ती गेली. मी तिच्या मागे गेलो. तिने पुढच्या दाराची कडी वाजवली. नोकराणीने दार उघडले, तिला पाहिले आणि सवयीने म्हणाली, "वहिनी, मागून या ना."

"आज नाही. सासूबाईंना बोलाव."

बोलवावे लागले नाही. उर्सुलाबाई आतच उभ्या होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात काठी.

"माझ्या फाटकापाशी काय तमाशा चाललाय?"

"दोर कमी पडतोय, सासूबाई."

"मग लांब करा. धंदा तुमचा आहे."

"रस्ता संपला. पुढे तुमचं घर आहे."

बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बोल पुढे."

"पेड या दारातून आत जातील, त्या दारातून बाहेर, बागेच्या भिंतीपर्यंत. मग डुकरीण त्याच वाटेने परत येईल."

"डुकरीण? माझ्या दिवाणखान्यातून?"

मी मागून म्हणालो, "दगडांची गाडी आहे, बाईसाहेब. खरी डुकरीण नाही."

"मला कळतं रे. खिडकीत बसून तुमचीच बडबड ऐकत असते. खरी असती तर बरं झालं असतं. तिला डांबर नसतं." मग ताईकडे वळून, "आहे एवढाच केला तर?"

"खोल पाण्यात पुरणार नाही. दोर लांब असला तर नांगर आडवा ओढला जातो आणि रुततो. आखूड असला तर उपटून येतो."

"दोन तुकडे करून जोडला तर?"

"एवढा जाड जोड जहाजावरून नांगराचा दोर सोडतात त्या भोकात अडकतो. वादळात अडकला की तुटतो."

"चूक कोणाची?"

"आमची. बाबांनी रस्ता मोजला, पीळ मोजला नाही. मी सुद्धा त्याच रस्त्यावरून रोज चालत होते."

उर्सुलाबाई तिच्या खांद्यावरून बाहेर पाहत होत्या. दारातून सरळ खाली खाडी दिसते. 'हेरन' तिथे आपल्या एका दोरावर भरतीबरोबर फिरत होती.

"गाडी दारातून मावेल?"

"मावेल."

"मोजलंस?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांनी! रस्ता मोजलात तसं?" बाईंनी काठी आपटली. "जा, दोरी आण आणि माझ्यासमोर मोज."

ताईने मोजले. मावत होती, एका बाजूला बोटभर जागा सोडून. बाई वाकून स्वतः बोट घालून पाहत होत्या.

त्यानंतर त्या घरात जे झाले ते पाहण्यासारखे होते. टेबले, खुर्च्या, चांदीची भांडी, सगळे भिंतीला गेले. जमिनीवर अंथरलेले गवत लोटून काढले. भिंतीवरचा पडदा गुंडाळला. बाईंच्या नवऱ्याची तसबीर होती, तिच्यावर त्यांनी चादर टाकायला लावली. "त्यांना नाही बघवणार," म्हणाल्या. खलाशी जोडे काढू लागले तर त्यांच्यावर ओरडल्या, "जोडे कसले काढता? दोर आत येतोय आणि तुम्ही जोडे काढता!"

सुते पुढे वाढवली, पेड बागेच्या भिंतीपर्यंत ताणले. घंटेचा एक टोला पडला. खाली बाबांच्या हाताखाली चाके फिरू लागली. पेडांवर पीळ चढला, ते आखडले आणि डुकरीण डुरकत बागेतून मागच्या दारापर्यंत आली. तिथे ताईने शंकू घातला. एकदा माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती चालू लागली.

मागच्या दाराने ती आत शिरली, जशी नेहमी शिरत असे. शंकू तिच्या छातीशी हिसके देत होता, मागे मांडीएवढा काळा दोर वळत येत होता, आणि त्याच्यामागे मी आणि डुकरीण. दिवाणखाना ओलांडून ती पुढच्या दारातून बाहेर पडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शंकू धरणाऱ्याशी बोलायचे नसते, हे गावाला ठाऊक होते.

उंबरठा उंच होता. डुकरीण वरून जावी म्हणून आम्ही त्यावर दोन्हीकडून उताराच्या फळ्या टाकल्या होत्या. मी त्या पायाने दाबून पाहिल्या होत्या. पण पाय आणि दगडांनी भरलेली गाडी यांत फरक असतो. डुकरीण फळीवर चढली आणि फळी कडाडून मोडली. गाडी उंबरठ्यावर नाक टेकून थांबली.

पीळ थांबला नव्हता. बंदरावर चाके फिरतच होती. दोर ताठला आणि त्यातून आवाज यायला लागला, बारीक, वाढत जाणारा. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. पेड तुटला तर दारात उभ्या असलेल्याचे पाय जातात.

"घंटा!" कोणीतरी ओरडले. "दोन टोले द्या!"

ताई रस्त्यावर निम्म्यात होती. दोन टोले पडले तर चाके थांबतील, शंकू थांबेल. दोर नरम होईल, बरोबर मध्यावर. तिने मागे वळून पाहिले नाही. पाऊल फक्त थोडे हळू केले. जितका ताण वाढला तितकेच हळू. हे मी आजवर दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेले नाही.

"घंटा वाजवायची नाही," उर्सुलाबाई म्हणाल्या. "उंबरठा काढा."

जहाजाचा सुतार पहार घेऊन उभा होता. तो घुटमळला. "बाईसाहेब, जुना ओक आहे. तुमच्या सासऱ्यांच्या—"

"मला सांगतोस कोणाच्या वेळचा आहे ते? मी त्याच्यावरूनच या घरात आले. काढ!"

सुताराने पहार घातली. एक टोक सुटले. दाजी कुठून धावत आले कोणास ठाऊक, त्यांनी दुसऱ्या टोकाला खांदा लावला. उंबरठा चौकटीतून किंचाळत निघाला. बाईंनी स्वयंपाकघरातून चरबीचे मडके मागवून ठेवले होते, ते स्वतः उचलून त्या जागेवर रिकामे केले. आणि मग दोन्ही हात डुकरिणीच्या पाठीला लावून त्या ढकलू लागल्या. मी म्हणालो, "बाईसाहेब, बाजूला व्हा." त्या म्हणाल्या, "तू ढकल, बोलू नकोस." तेवढ्या घाईतही मला ते पटले.

डुकरीण सुटली. चरबीवरून घसरत दाराबाहेर पडली आणि रस्त्याला लागली. दोराचा आवाज खाली उतरला. खाली, दूर, ताई नेहमीच्या चालीत आली.

ती बंदरावर पोहोचली तेव्हा बाबांनी तिच्या हातातला शंकू घेतला. ती बाबांकडे बघून म्हणाली, "थांबले नाही मी." बाबा म्हणाले, "माहीत आहे." मग त्यांनी टोपी काढून तोंडासमोर धरली.

आता गाव ओरडला. इतका की खाडीतल्या 'हेरन'वर पहाऱ्याला राहिलेल्यांना वाटले स्पॅनिश आले, आणि त्यांनी तोफ डागली. मार्जरी पिंपावर उभी राहून नाचत होती. दोर खांद्यांवर घेऊन सगळा गाव बंदरावर उतरला, एखादी गोम चालावी तसा. त्यात पाद्रीबाबा होते, पाववाला होता आणि दोन्ही हातांना, बाह्यांना, कपाळाला डांबर लागलेल्या उर्सुलाबाई होत्या. त्या रस्त्यावरून त्या इतक्या खाली पायी आलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या.

'हेरन' मोठ्या भरतीला दोन दोरांवर उभी होती. तोफा तिच्यावरच राहिल्या, माणसे राहिली आणि कप्तानही. आरमाराबरोबर ती गेली.

पुढची लढाई सगळ्यांनी ऐकली आहे. मी तिथे नव्हतो, म्हणून सांगत नाही. आमच्यापुरते घडले ते लढाईनंतर. स्पॅनिश उत्तरेला निघून गेल्यावर आपली जहाजे परतत होती तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वादळ उठले. 'हेरन'च्या पाठीशी वाळूचे दांडे होते आणि वारा तिकडेच ढकलत होता. दोन नांगर टाकले. जुना दोर तुटला.

हे दाजींनी शरद ऋतूत परत आल्यावर सांगितले. जहाजावरची सगळी माणसे परतली नव्हती. काही लढाईत गेली, काही तापाने. पण दांड्यांवर एकही गेला नाही. 'हेरन' त्याच नव्या दोरावर आमच्या खाडीत येऊन उभी राहिली तेव्हा गावातल्या ज्या ज्या माणसाने चाक फिरवले होते तो तो सांगत होता, दोर माझा आहे.

दाजी चुलीपाशी बसले. या वेळी सायडर प्यायले.

"वादळ ओसरेपर्यंत मी दोरावर हात ठेवून होतो," ते ताईला म्हणाले. "कुठे नरम लागतो का पाहत होतो."

"मग?"

"नाही लागला."

ती म्हणाली, "लागणार नव्हताच," आणि हॅनिबलचे नाक पुसायला उठली. पण मी तिचा चेहरा पाहिला.

बाबांनंतर दोरवाट तिनेच चालवली, मी तिच्या हाताखाली. रस्त्याच्या कडेने घरांच्या भिंतींवर तिने खुणा कोरून घेतल्या, पिळाची लांबी धरून. आणखी मोठे दोर आम्ही त्या रस्त्यात वळले. लागले की हॅलिडनांची दोन्ही दारे उघडत, विचारावे लागत नसे. आता माझी बोटे मिटत नाहीत, पण त्या खुणा आहेत.

राहिली एक गोष्ट. दोरवाले संत कॅथरिनचा दिवस पाळतात. नव्या प्रॉटेस्टंट धर्मात संतांचे दिवस बंद झाले, पण त्या दिवशी करायचे शहाजिऱ्याचे केक कोणी बंद केलेले नाहीत. त्या लढाईच्या वर्षी उर्सुलाबाईंनी निरोप पाठवला की केक त्यांच्याकडे होतील. आम्ही सगळे रस्ता चढून गेलो. बाबा, दाजी, मुले आणि नवे मोजे घातलेली ताई. फाटकातून आत शिरल्यावर ती सवयीने घराच्या बाजूने वळली.

उर्सुलाबाई पुढच्या दारात होत्या. "कुठे चाललीस?"

"मागे."

"मागचं दार बंद केलंय. वारा येतो."

"आणि पुढून नाही येत? उंबरठा तर मीच घालवला."

"तू नाही घालवलास. मी काढला." बाईंनी काठीने खाली दाखवले. "आणि तिथे दुसरा टाकलाय."

नांगराच्या कडीशी घासून दोराचे टोक झिजले होते, ते दाजींनी कापून काढले होते. तो तुकडा उंबरठ्याच्या खाचेत नीट बसवला होता. मांडीएवढा, काळा, डांबराचा.

"ये, सूनबाई," उर्सुलाबाई म्हणाल्या. "केक निवतायत."

ताई दारापर्यंत गेली. पाय उचलला, खाली ठेवला आणि वाकली. दोराचे टोक बोटांनी चाचपले.

"हे टोक कोणी बांधलं?"

दाजींनी खोकल्याचे नाटक केले.

"उसवेल चार दिवसांत." ती दारातच मांडी घालून बसली. "ट्रिस, सूत आहे तुझ्याजवळ?"

माझ्याजवळ सूत नेहमी असते. मी दिले. तिने टोक सोडले, पुन्हा आवळून बांधले आणि दातांनी सूत तोडले. तोवर आम्ही सगळे बाहेर थंडीत उभे होतो आणि उर्सुलाबाई आत उभ्या होत्या, आणि कोणीही तिला घाई कर म्हणाले नाही. मग ती उठली, हात नव्या झग्याला पुसले, दोर ओलांडला आणि आत गेली.